किक, काटा आणि आमची बी विंग
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)

पार्किंगमधल्या तमाम वाहनचालकांनो,

सेक्रेटरींनी मला ‘बुलेटवर बोला, पाच मिनिटं’ असं सांगितलंय. आमच्या वेळी बँकेत एवढ्या वेळात साधा डिमांड ड्राफ्टसुद्धा होत नसे!

आपण इथे राहायला आलो तेव्हा सोसायटीत बुलेट एकच होती, माझी. आता अकरा आहेत. बटण दाबलं की सुरू. निम्म्या तर फक्त रविवारी निघतात, मिसळ खायला. जॅकेट, हातमोजे, फोटो. मी त्यांना ‘संडे बुलेट’ म्हणायचो, अगदी तोंडावर. बी विंगमधल्या एकाने सायलेन्सर बदलला, तेव्हा कमिटीकडे लेखी तक्रार करणारा मीच. रात्री साडेअकराला फटाके फोडणं हा शौक नव्हे, आणि कायद्यातही ते बसत नाही.

माझी गाडी १९७८ची, साडेतीनशे सीसी, मद्रासला बनलेली. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. नवखा माणूस ब्रेक समजून गिअरच दाबतो. पाटणकडच्या वाड्यांवर मी तिच्यावरून पीककर्जाच्या वसुलीला जायचो. आवाज दुरून ओळखू यायचा, त्यामुळे मी पोचेपर्यंत कर्जदार रानात गेलेला असायचा.

गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि किक बंद झाली. आठ महिने गाडी कव्हरखाली. मुलगा फोनवर म्हणाला, “बाबा, विकून टाका.” जुन्या गाड्या जमवणारे एक गृहस्थ चांगली किंमतही द्यायला तयार होते.

एके दिवशी तो सायलेन्सरवाला खाली भेटला. “काका, मी मारून बघू किक?”

“तक्रार माझी होती, ठाऊक आहे ना?”

“ठाऊक आहे.”

मग शिकवलं. चावी फिरव, अँपिअर मीटरचा काटा मधोमध येईपर्यंत किक हळू दाब, डीकॉम्प्रेसर ओढून जराशी पुढे सरकव, सोड, आणि मग पूर्ण वजनाने मार. तिसऱ्या वेळी किक उलटी आली, नडगी सोलली. मला वाटलं, संपलं. पुढच्या रविवारी पठ्ठ्या पुन्हा हजर.

त्यानेच विचारलं, “काका, तुम्ही बुलेट का घेतलीत?”

चाळीस वर्षं मी ‘वसुलीसाठी’ असं सांगत आलोय. खरं कारण ‘शोले’. त्यातली मोटारसायकल बुलेट नव्हतीच, बीएसए होती, हे मला फार उशिरा कळलं. शाखेतले जुने जावावाले तेव्हा म्हणाले होते, “चार दिवसांचं फॅड आहे पोराचं.” मला ते फार लागलं होतं. हे घरी सांगितलं, तर सौ. म्हणाली, “मला पहिल्यापासून माहीत आहे.”

सायलेन्सरचा विषय पुढच्या मीटिंगला आहे. मी तक्रारीच्या बाजूनेच बोलणार आहे, त्यालाही तसं सांगितलंय. गाडी मात्र विकली नाही. चावी त्याच्याकडे असते, आणि रविवारी मिसळ खायला मी त्याच्या मागे बसून जातो.