शिपली, स्किप्टन आणि आपला 'कर'
(मंडळाच्या कोजागिरीच्या कार्यक्रमातलं भाषण)

मसाला दूध आटेपर्यंत बोला म्हणालेत, तेव्हा थोडक्यात आटोपतो.

लीड्सहून स्किप्टनला मी बरीच वर्षं रोज गाडीनं जायचो. वाटेत शिपली, बिंगली, कीथली. ही नावं नुसती कानावरून जायची. मग एकदा नाद लागला. 'ली' म्हणजे जंगल तोडून मोकळी केलेली जागा. शिपली ही मेंढरांची. आणि स्किप्टन? तीही मेंढरांचीच वाडी! जुन्या इंग्रजीतला 'श' नवव्या शतकात इथे वसलेल्या डेन लोकांच्या तोंडी 'स्क' झाला. मेंढरू तेच, एकाच रेल्वेमार्गावर नावं दोन. 'बी'नं संपणारी गावंही त्यांचीच. ग्रिम्झबी म्हणजे ग्रिमचं गाव.

आता आडनावं. शिपलीत राहणाऱ्याला 'शिपली' कोण म्हणणार? तिथे सगळेच शिपलीचे! तो यॉर्कला पोट भरायला गेला, की लोक विचारणार, "कुठला रे तू?" तिथे ते नाव चिकटलं. म्हणजे हे आडनाव गाव सुटलेल्याचं. जमीनदारांचं मात्र उलट. बाराव्या शतकात हार्टबर्नचा विल्यम डरहॅम परगण्यातल्या वॉशिंग्टन गावी आला आणि त्यानं नव्या गावाचंच नाव लावलं. पुढे त्याच घराण्यात जॉर्ज वॉशिंग्टन जन्मला, आणि मेंढपाळांच्या मुलखातल्या एका खेड्याचं नाव थेट अमेरिकेच्या राजधानीला लागलं.

आपला 'कर' ह्या शिपलीचाच भाऊ. आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, ते सुटलं माझ्या पणजोबांच्या वेळी. गेल्या वर्षी मुलगा म्हणाला, "बाबा, ऑफिसात कुणाला आपलं आडनाव उच्चारता येत नाही. 'कर' गाळून टाकतो." खरं सांगतो, घास घशात अडकला. रागावून काही उपयोग नव्हता. मी त्याला कागदावर कीथलीचं स्पेलिंग लिहून दाखवलं. मधे एक 'जी' आणि एक 'एच', त्याचा उच्चार 'थ'! म्हटलं, "हे आपण मुकाट्यानं शिकलो ना? मग त्यांनाही शिकू दे की आपलं."

तो हसला. गाळायचं की ठेवायचं, अजून ठरलेलं नाही. पण डिसेंबरात आम्ही गावी जातोय, आणि तोही येतो म्हणालाय. मी स्वतः ते गाव अजून पाहिलेलं नाही. शिवाय तिथे '-कर' सांगून कुणाला काय कळणार? कुणाच्या घरचे, ते पणजोबांच्या नावानंच सांगावं लागेल. परवाच मुंबईच्या आत्याला फोन करून ते नाव नीट लिहून घेतलंय.