मंदीच्या वर्षांतील पेरणी : अंधेरीच्या ‘सीप्झ’चा धडा

(पंचायत सदस्य, शिक्षक आणि विकास अधिकारी यांच्या शिबिरात दिलेले भाषण)



आपल्यापैकी बहुतेक जण ग्रामीण भागातून येथे आलेले आहेत. अशा श्रोत्यांपुढे मुंबईच्या उपनगरातील एका औद्योगिक क्षेत्राची हकीकत सांगण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर आरंभीच देतो. पाऊस पडल्यावर नांगर शोधायला निघणाऱ्याचा हंगाम हुकतो, हे आपणांस मी सांगावयास नको. उद्योगधंद्यांचेही तसेच आहे. देशाची अर्थव्यवस्था आखडलेली असताना ज्यांनी जमीन तयार ठेवली, त्यांनाच पुढे पीक मिळाले. अंधेरीच्या पूर्वेस असलेले ‘सीप्झ’ हे त्याचे एक ठळक उदाहरण होय.

दुष्काळ आणि तेलसंकट

१९७२ चा दुष्काळ महाराष्ट्राने कसा सोसला, हे वडीलधाऱ्यांच्या तोंडून आपण ऐकले असेल. विहिरी आटल्या, गुरे छावण्यांत गेली आणि लक्षावधी हात खडी फोडण्याच्या कामावर लागले. त्या आपत्तीतून देश सावरत आहे तोच ऑक्टोबर १९७३ मध्ये पश्चिम आशियात युद्ध पेटले आणि अवघ्या काही महिन्यांत खनिज तेलाचा भाव पिंपामागे सुमारे तीन डॉलरवरून बारा डॉलरच्या घरात गेला. परकीय चलनाची तंगी, महागाई आणि कारखानदारीतील मरगळ यांनी देश घेरला गेला. मे १९७४ मध्ये रेल्वेचा देशव्यापी संप झाला.

अशा काळात शासनापुढे दोन मार्ग असतात. हात आखडून बसावे, हा एक. रिकाम्या हातांकडून उद्याची कामे करून घ्यावीत, हा दुसरा. महाराष्ट्राने खेड्यांत दुसरा मार्ग पत्करला. दुष्काळी कामांतून पाझर तलाव, नालाबांध आणि रस्ते झाले. त्यातूनच रोजगार हमी योजना आकारास आली आणि १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. याच कालखंडात मुंबईच्या उपनगरात दुसऱ्या प्रकारची बांधबंदिस्ती चालू होती, तिकडे आता वळू.

मरोळची भूमी

अंधेरी १९५० पर्यंत मुंबई महापालिकेच्या हद्दीत नव्हती. बोरिवली आणि मुलुंड हा भाग तर १९५७ मध्ये बृहन्मुंबईस जोडला गेला. मरोळ, कोंडिविटे, चकाला ही मूळची गावे. महाकाली लेण्यांच्या टेकडीभोवतीचा हा प्रदेश. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली आणि या महामंडळाने मरोळची जमीन संपादन करून तेथे औद्योगिक क्षेत्र विकसित केले. रस्ते, पाणी, वीज आणि आखलेले भूखंड यांची व्यवस्था झाल्याने या भूमीचे रूप पालटले.

त्यामुळे केंद्र शासनाने इलेक्ट्रॉनिक मालासाठी स्वतंत्र निर्यात प्रक्रिया क्षेत्र काढण्याचे ठरविले, तेव्हा जागेचा शोध लांबला नाही. १ मे १९७३ रोजी, महाराष्ट्र दिनीच, मरोळच्या सुमारे शंभर एकरांवर ‘सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक निर्यात प्रक्रिया क्षेत्र’ स्थापन झाले. नावात सांताक्रूझ असले तरी स्थान अंधेरीचे. नाव मिळाले ते विमानतळामुळे. इंग्रजी आद्याक्षरांवरून लोक त्यास ‘सीप्झ’ म्हणू लागले. गुजरातेतील कांडला येथे १९६५ मध्ये असे पहिले क्षेत्र निघाले होते, परंतु ते बंदराच्या आश्रयाने. अंधेरीचा भरवसा विमानावर होता. वजनाला हलका आणि मोलाला भारी असा इलेक्ट्रॉनिक माल विमानाने पाठविणेच परवडते. तेलाची किंमत चौपट झाली असताना परकीय चलन मिळवून देणाऱ्या अशा मालाची देशाला निकड होती.

कुंपणाच्या आतील व्यवहार

या क्षेत्राचा व्यवहार समजण्यास कठीण नाही. त्याला कुंपण आहे. आयात-निर्यातीच्या हिशेबापुरता कुंपणाच्या आतील भाग देशाच्या सीमाशुल्काच्या हद्दीबाहेरचा मानतात. परदेशातून सुटे भाग आयातशुल्क न भरता आत येतात, येथील कामगार त्यांची जुळणी करतात आणि तयार माल परदेशी रवाना होतो. देशातील गिऱ्हाईक हात आखडत असले, तरी बाहेरच्या गिऱ्हाइकाकडून काम मिळत राहते. देशांतर्गत मंदीत तग धरण्याचे मर्म येथे होते.

१९७९-८० मध्ये पुन्हा अवर्षण पडले, तेल पुन्हा भडकले आणि राष्ट्रीय उत्पन्न पाच टक्क्यांनी घटले. जानेवारी १९८२ मध्ये गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लक्ष कामगार त्यात उतरले आणि मुंबईचा जुना आर्थिक कणाच मोडला. या दशकात सीप्झमध्ये एक नवे पीक रुजत होते. टाटा बरोज या कंपनीने येथूनच संगणकाच्या आज्ञावली परदेशी धाडण्याचे काम आरंभिले होते. आज्ञावलीला ना गोदाम लागते, ना मालमोटार. शिकलेले मनुष्यबळ हाच तिचा कच्चा माल होय. पुढे ज्या व्यवसायाने देशाला अब्जावधी डॉलर मिळवून दिले, त्याच्या अगदी पहिल्या रोपवाटिकांपैकी एक अंधेरीत होती, हे शिक्षकांनी विद्यार्थ्यांना अवश्य सांगावे.

सोने गेले आणि सोने घडले

१९८७-८८ मध्ये सीप्झची दारे रत्ने आणि दागिने या उद्योगासही खुली झाली. त्यानंतर तीनच वर्षांनी देशावर १९९१ चे संकट कोसळले. परकीय चलनाची गंगाजळी जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली. जुलै १९९१ च्या आरंभी रुपयाचे दोनदा अवमूल्यन करावे लागले आणि त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंडकडे तारण म्हणून गेले. ते गेले मुंबईच्या सहार विमानतळावरून.

या घटनेची दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही. सहारपासून काही किलोमीटरवर, सीप्झच्या गाळ्यांत, कारागीर सोन्यात हिरे जडवीत होते. घडविलेले सोने परदेशी जात होते आणि त्याचे मोल डॉलरमध्ये देशात परत येत होते. एकच धातू, एकच विमानतळ. एक पेटी कर्जापोटी निघालेली आणि दुसरी कमाईसाठी. या दोहोंतील अंतर कारागिराच्या बोटांनी निर्माण केलेले होते.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. समजा, शंभर रुपयांचा दागिना निर्यात झाला. त्यातील बहुतांश रक्कम आयात केलेल्या सोन्या-हिऱ्यांचीच असते. देशाची खरी मिळकत म्हणजे घडणावळ. म्हणून निर्यातीचा ढोबळ आकडा पाहून हुरळून जाऊ नये. त्यात आपल्या माणसांच्या श्रमाचा आणि कौशल्याचा वाटा किती, हे विचारावे. दूध विकणाऱ्या गावाने आणि खवा करून विकणाऱ्या गावाने आपापले हिशेब ताडून पाहावेत, म्हणजे हा मुद्दा आपोआप उलगडेल.

जमाखर्चाची दुसरी बाजू

यशाची कथा सांगताना खर्चाची बाजू झाकून ठेवणे योग्य नव्हे. इलेक्ट्रॉनिक जुळणीच्या कामावर प्रामुख्याने तरुण मुली होत्या. घराबाहेर पडून स्वतःचा पगार हाती घेणाऱ्या त्यांच्या कुटुंबांतील त्या कित्येकदा पहिल्याच. ही सामाजिक क्रांती लहान नव्हती. परंतु काम डोळ्यांवर ताण आणणारे, पगार बेताचा आणि मागणी उतरली की नोकरीही डळमळीत, अशी त्यांची स्थिती होती. येथील कारखान्यांना ‘सार्वजनिक उपयोगिता सेवा’ म्हणून घोषित केल्यामुळे आगाऊ सूचना दिल्याशिवाय संप करता येत नसे, आणि संघटना बांधणेही सोपे नव्हते.

याच वर्षांत पूर्वेकडच्या उपनगरांत वेगळे चित्र दिसत होते. घाटकोपर ते मुलुंड या लालबहादूर शास्त्री मार्गावरील अनेक कारखाने १९८० नंतरच्या काळात एकामागून एक बंद पडले आणि त्यांच्या जागी निवासी मनोरे व बाजारसंकुले उभी राहिली. अंधेरीत नव्या नोकऱ्या निघाल्या, पण भांडुपच्या यंत्रकामगाराला सोन्याच्या गाळ्यात काम मिळाले, असे सहसा घडले नाही. शहराची सरासरी वाढते तेव्हा त्यातील प्रत्येक घर वाढतेच असे नाही, ही गोष्ट नियोजन करणाऱ्यांनी विसरू नये.

शिवाय परदेशी बाजारपेठेवरील भिस्त ही दुधारी असते. २००८ मध्ये अमेरिकेत मंदी आली, तिचा फटका आपल्या दागिने व्यवसायाला बसला. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील शुल्क ५० टक्क्यांवर नेले, तेव्हा सीप्झमधील कारागिरांच्या घरी पुन्हा काळजी शिरली. घरच्या मंदीत ज्या दाराने तारले, तेच दार बाहेरचे वारेही आत आणते.

आणखी एक उणीव सांगतो. काम १९७३ मध्ये आले. कामगाराची वाट मात्र फार उशिरा सुधारली. वर्षानुवर्षे बोरिवली-विरारकडील आणि मुलुंड-ठाण्याकडील कामगार गच्च भरलेल्या लोकलने आणि पुढे बसने या फाटकापर्यंत पोहोचत. अंधेरी आणि घाटकोपर यांना जोडणारी मेट्रो २०१४ मध्ये धावली. सीप्झच्या नावाचे भुयारी स्थानक तर ऑक्टोबर २०२४ मध्ये उघडले, म्हणजे एक्कावन्न वर्षांनी! कारखान्याला रस्ता पहिल्या दिवशी मिळतो आणि कामगाराला अर्ध्या शतकानंतर, हा क्रम बदलणे आपल्या हाती आहे.

आपले कर्तव्य

मित्रहो, या हकीकतीतून आपण तीन गोष्टी घ्याव्यात.

पंचायतीने मंदीचे वर्ष वाया जाऊ देऊ नये. गावची सामायिक जागा, पाणी, वीज आणि पोचरस्ता यांची कागदपत्रे व कामे पुरी असतील, तर संधी आल्यावर ती दारातून परत जाणार नाही. मरोळची जमीन आधी तयार होती, म्हणून सीप्झ आले.

शिक्षकांनी हाताच्या कौशल्याला पुस्तकी विद्येइतकाच मान द्यावा. घडणावळ वाढली तरच घराची मिळकत वाढते. आणि हे शिक्षण मुलींपर्यंत प्रथम पोहोचवावे, कारण नव्या उद्योगाच्या फाटकातून आत जाण्याचे धैर्य अंधेरीत त्यांनीच दाखविले.

अधिकारी बंधू-भगिनींनी प्रत्येक नव्या योजनेच्या नस्तीत एक रकाना वाढवावा : कामावर येणारी स्त्री किती वाजता घरातून निघेल, कशाने येईल आणि काम सुटल्यास तिला आधार कशाचा? हा रकाना आरंभी भरला गेला, तर पुढील पिढीला स्थानकासाठी एक्कावन्न वर्षे थांबावे लागणार नाही.

मंदी येते आणि जाते. तिच्या काळात आपण काय पेरले, त्यावरच पुढची सुगी ठरते.

जय हिंद! जय महाराष्ट्र!