वांगणीचें आकाश

मुंबईहून कर्जतकडे जाणारी लोकल उल्हासनगर व अंबरनाथ मागें टाकून बदलापुरास आली, कीं डब्यांतील गर्दी एकदम ओसरते. त्यापुढचें स्थानक वांगणी. एका अंगास चंदेरीचा सुळका, दुसऱ्या अंगास उल्हास नदीचें खोरें. या लहानशा गांवीं एखाद्या शनिवारीं सायंकाळीं पाठीवर पिशव्या घेतलेलीं मुलें आणि त्यांचे पालक उतरतांना दिसले, तर ते सगळेच कांहीं गड चढावयास आलेले नसतात. त्यांतील कांहीं मंडळी काळोख पाहावयास आलेली असते.

हॅलेचा धूमकेतु १९८६ सालीं सूर्याजवळ येऊन गेला, त्याच सुमारास मुंबईंत आकाशाची हौस असलेल्या लोकांचें 'खगोल मंडळ' उभें राहिलें. वांगणीस रात्रभर आकाशदर्शनाचे कार्यक्रम हें मंडळ अनेक वर्षें करीत आलें आहे. अशा ठिकाणीं सोयी कोणत्या, असें शहरांतील गृहस्थ प्रथम विचारतो. पण लागतें तरी काय? मोकळी जागा, अंथरावयास सतरंजी, थंडीसाठीं कानटोपी आणि एकदोन दुर्बिणी. याहून अधिक सोयी करूं गेल्यास मूळ सोयच नाहींशी होते. ती सोय म्हणजे अंधार.

डोळ्यांना अंधाराची पुरती संवय होण्यास वीस ते तीस मिनिटें लागतात. तेवढ्यांत कोणीं पांढरा दिवा लावला, तर सर्वांची तपश्चर्या पुन्हां पहिल्यापासून. म्हणून विजेरीस तांबडा कागद गुंडाळावयाचा आणि मोबाइल खिशांतच ठेवावयाचा. हें दुसरें व्रत मुलांपेक्षां वडील माणसांना अधिक जड जातें.

यानंतर जें शिक्षण होतें, त्यास फळा लागत नाहीं. हात लांब करून धरलेली मूठ आकाशाचे सुमारें दहा अंश झांकते. उत्तर क्षितिजापासून मुठीवर मूठ ठेवीत ध्रुवापर्यंत गेलें, कीं दोन मुठींहून किंचित् कमी अंतर भरतें, म्हणजे एकोणीस अंश. वांगणीचा अक्षांशहि तोच. भूगोलाच्या पुस्तकांत पाठ केलेला आंकडा आपल्याच मुठींत सांपडल्यावर मुलाच्या चेहऱ्यावर जो प्रकाश पडतो, तो परीक्षेच्या गुणांनीं पडत नाहीं. दुर्बिणींतून शनीचें कडें पाहण्यास रांग लागते, हें खरें. परंतु नुसत्या डोळ्यांनीं पाहण्याची गोडी निराळी. हेमंतांतल्या निरभ्र रात्रीं देवयानींतील तो धुकट ठिपका एकदां ओळखला, म्हणजे पंचवीस लाख वर्षांपूर्वीं निघालेला उजेड डोळ्यांत शिरला असें समजावें.

महाराष्ट्रास ही हौस नवी नाहीं. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'ज्योतिर्विलास' लिहिला आणि त्यास 'रात्रीची दोन घटका मौज' असें दुसरें नांव दिलें. त्या काळीं ही मौज घराच्या अंगणांतच मिळत असे. तिच्यासाठीं लोकलचें तिकीट काढावें लागत नसे.

दक्षिणेकडील आकाश हें तर वांगणीचें खरें धन. फेब्रुवारीच्या मध्यास रात्रीं साडेनऊच्या सुमारास अगस्ति तेथें क्षितिजापासून अवघा अठरा अंश वर येतो. मे महिन्याच्या मध्यास त्याच वेळीं त्रिशंकु अकरा अंशांवर उभा असतो. दिल्लीकरांना तो जवळजवळ दिसतच नाहीं. उल्हासनगरच्या मुलास मात्र तो दिसावयास हवा, पण मध्यें इमारती येतात, धूर येतो आणि सर्वांत जास्त दिवे येतात.

हे दिवे आतां वांगणीच्याहि वायव्य क्षितिजावर चढले आहेत. बदलापूरची वस्ती २००१ च्या जनगणनेंत एक लाखाच्या आंत होती; २०११ त ती पावणेदोन लाखांच्या घरांत गेली. माणसें आलीं, तेव्हां रस्ते उजळणारच; लेकीसुनांनीं रात्रीं अंधारांतून घरीं यावें असें कोणीहि म्हणणार नाहीं. तक्रार आहे ती आकाशाकडे तोंड करून जळणाऱ्या दिव्यांची. त्यांतला वर गेलेला उजेड कोणाचीच वाट दाखवीत नाहीं. तो धुळींत व बाष्पांत विखुरतो आणि तारे पुसून टाकतो. त्यांतहि निळसर पांढरा उजेड अधिक विखुरतो, पिवळसर कमी.

हा दोष काढतां येतो, याचें उदाहरण याच राज्यांत आहे. नागपूरकडील पेंच व्याघ्रप्रकल्पास जानेवारी २०२४ मध्यें आंतरराष्ट्रीय संस्थेकडून 'डार्क स्काय पार्क' ही मान्यता मिळाली. त्यापूर्वीं सिल्लारी, वाघोली वगैरे गांवांतील शंभरांवर दिवे बदलून त्यांचें तोंड जमिनीकडे करण्यांत आलें. गांवें अंधारांत बुडालीं नाहींत. रस्त्यावर उजेड राहिला आणि वर तारेहि राहिले. दिव्यास बसविलेली टोपी एवढेंच त्यामागचें शास्त्र. बदलापूर किंवा अंबरनाथ येथील एखाद्या गृहसंस्थेस आपल्या आवारापुरतें हें एका सभेच्या ठरावानें करतां येईल, त्यास कोणाच्या परवानगीची गरज नाहीं.

पावसाळ्यांत वांगणीचें आकाश अर्थातच बंद असतें. त्या दिवसांत उल्हास नदीच तेथील मालकीण. २७ जुलै २०१९ रोजीं वांगणी-बदलापूरच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस तिच्या पुरांत अडकली होती व हजारावर उतारूंना सोडवावें लागलें. ऑक्टोबर संपतां संपतां ढग जातात. मग अमावास्येजवळचा शनिवार पंचांगांत पाहून, चादर, पाण्याची बाटली आणि तांबड्या कागदाची विजेरी घेऊन निघावें.