शॉक कामावर लागला, तर केसपेपरवर तसंच लिहायला लावा

आपल्या गटांतल्या कितीतरी जणी बांधकामावर जातात. मोटारीची वायर चिखलातून गेलेली असते, जोडाला नुसती चिकटपट्टी असते आणि ओल्या पायांनी स्लॅबवर पाणी मारायचं असतं. शॉक लागून एखादी पडली की ठेकेदार विचारतो, "पायात चप्पल का नव्हती?" जणू विषय संपला.

कायद्याने तो संपत नाही. कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ सालचा होता. आता हा विषय २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेतला आहे. कामावर, कामामुळे इजा झाली तर भरपाई मालकाने द्यायची. त्याची चूक आपण सिद्ध करायची गरज नाही. आपलं लक्ष नव्हतं, पाय अनवाणी होते, एवढ्याने हक्क जात नाही. बिल्डरने काम ठेकेदाराला दिलेलं असेल, तर भरपाई बिल्डरकडूनही मागता येते.

आम्हाला खरी काळजी वाटते ती दवाखान्यातल्या पहिल्या अर्ध्या तासाची. "घरी शॉक लागला असं सांगा, बिल मी भरतो," असं ठेकेदार हळूच सांगतो. घाबरलेला नवरा मान डोलावतो. पहिल्या दिवसाचं बिल भरलंही जातं. पण केसपेपरवर 'घरी' हा शब्द एकदा आला, की पुढे तोच आपल्या आड येतो. म्हणून डॉक्टरांना साइट, वेळ आणि काय काम चालू होतं ते स्पष्ट सांगा आणि तसंच लिहायला लावा. सोबतच्या बायकांची नावं टिपून ठेवा. मुकादमाच्या हजेरीवहीचा आणि त्या वायरचा फोटो त्याच दिवशी काढा. दुसऱ्या दिवशी तिथे नवी वायर आलेली असते!

पाच-दहा हजार हातावर ठेवून स्टॅम्पपेपरवर "आता काही मागणार नाही" असं लिहून घेतात. भरपाईचा हक्क असा लिहून देता येत नाही. तो कागद कायद्यापुढे टिकत नाही. मृत्यू झाला तर भरपाई परस्पर घरच्यांच्या हातात द्यायची नसते, ती सरकारी अधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. १९२३ च्या कायद्यात मृत्यूसाठी किमान १ लाख २० हजार आणि कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी किमान १ लाख ४० हजार रुपये ठरलेले होते. मजुरी आणि वय धरून हिशेब केला, तर रक्कम याहून जास्तही होते.

अर्जाची मुदत अपघातापासून दोन वर्षं. वकिलाच्या फीची धास्ती नको. बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे जा, नाहीतर १५१०० वर फोन लावा. जाताना केसपेपरची झेरॉक्स न्या, मूळ कागद घरीच ठेवा.