वाहत्या तेलातील मेण



थंडीच्या दिवसांत सकाळी खोबरेलाची बाटली थिजलेली दिसली, की आपण ती उन्हात ठेवतो आणि आपले काम भागते. परंतु थिजणारे तेल समुद्रतळावरील सुमारे २०० किलोमीटर लांबीच्या नळात असेल, तर त्यास ऊन कोठून आणावे?

हा प्रश्न उलवेकरांना परका नाही. १९७४ साली मुंबईच्या पश्चिमेस, भर समुद्रात 'बॉम्बे हाय' येथे तेल सापडले. १९७६ साली ते निघू लागले व १९७८ पासून नळावाटे आपल्या शेजारच्या उरणास येऊ लागले. हे तेल हलके व चांगल्या प्रतीचे. पण त्यात मेण पुष्कळ. सुमारे ३० अंश सेल्सिअसच्या खाली ते वाहण्यास नाखूश होते, आणि समुद्रतळाचे पाणी याहून थंड असते.

तेल ऊन असते तोवर मेण त्यात विरघळलेले असते. ते निवू लागले, की मेणाचे पापुद्र्यांसारखे पातळ स्फटिक बनतात. काही नळाच्या भिंतीस चिकटून वाट अरुंद करतात. काही एकमेकांत गुंतून जाळे विणतात व उरलेले तेल त्यात अडकते. तेल वाहते असेतो हे जाळे तुटत राहते. खरे संकट पंप थांबल्यावर येते. वादळाने अगर बिघाडाने प्रवाह काही काळ थांबला, की आतले तेल खिरीसारखे आळते. मग ते पुन्हा हलविण्यास लागणारा दाब नळास सोसेलच असे नाही.

यावर उपाय तीन. नळ तापता ठेवणे हा पहिला. राजस्थानातील मंगला क्षेत्राचे तेल असेच गुजरातेकडे नेले जाते. 'पिग' नावाचा सरकता दट्ट्या नळातून सोडून मेण खरवडणे हा दुसरा. तिसरा उपाय रसायनाचा.

इथिलीन व व्हायनिल ॲसिटेट यांपासून बनविलेले बहुवारिक हे असे एक रसायन. त्याच्या रेणूचा एक भाग मेणासारखाच असल्याने तो स्फटिकात सामावतो. दुसरा भाग निराळा असल्याने पुढचा थर नीट बसू देत नाही. स्फटिक लहान व सुटे राहतात. मेण नाहीसे होत नाही. त्याची एकजूट तेवढी मोडते. दहा लाख भाग तेलास काहीशे भाग रसायन पुष्कळदा पुरते.

मात्र ते तेल ऊन असतानाच मिसळले पाहिजे. जाळे विणून झाल्यावर त्याचा फारसा उपयोग नाही. शिवाय एका क्षेत्राच्या तेलास लागू पडलेले औषध दुसऱ्यास लागू पडेलच असे नाही. प्रयोगशाळेत आधी पारखूनच ते निवडावे लागते.

नळ बिनतक्रार वाहत असला, की या औषधावरील खर्च कोणासही व्यर्थ वाटू लागतो. परंतु काहीच घडले नाही, हेच त्या खर्चाचे फळ असते. आम्हांस वाटते, की उरणच्या वाटेवरून जाताना आपण एवढे ध्यानात ठेवावे.