पत्रांतून घडलेले भावनांचे शास्त्र
(गणेशोत्सवातील व्याख्यान)



चांगदेवांच्या कोऱ्या पत्राची कथा आपण सारे जाणतो. ज्ञानेश्वर वयाने लहान, ज्ञानाने थोर. मायना काय लिहावा ते सुचेना, म्हणून कोराच कागद धाडला, असे परंपरा सांगते. उत्तरादाखल ६५ ओव्यांची 'चांगदेव पासष्टी' आली. युरोपातही एका पत्रव्यवहारातून असाच एक ग्रंथ जन्मला. तेथे मात्र कागद कोरा नव्हता, प्रश्नांनी भरलेला होता.

एलिझाबेथ ही बोहेमियाची राजकन्या. १६२० मध्ये वडिलांचे राज्य गेले आणि कुटुंब हॉलंडमधील हेग येथे आश्रयाला आले. १६४३ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, तिने तत्त्वज्ञ देकार्त यांना पत्राने विचारले, "आत्मा निराकार आहे, तर तो शरीराला हलवतो कसा?" आलेले उत्तर तिला पटले नाही आणि तिने तसे स्पष्ट कळवले.

१६४५ मध्ये तिला बारीक ताप आणि कोरडा खोकला जडला. मूळ कारण दुःख आहे, असे देकार्तांचे मत पडले. विवेकाने मन सावरावे, हा त्यांचा सल्ला. तिने उलट लिहिले की काही आजार विचारशक्तीच हिरावून घेतात. मग विवेक आणायचा कोठून? पुढे तिने भावनांची व्याख्याच मागितली. त्यातून देकार्तांनी मसुदा लिहिला. १६४६ मध्ये तिने तो वाचून शंका काढल्या, आणि १६४९ मध्ये ग्रंथ छापून निघाला. विस्मय, प्रेम, द्वेष, इच्छा, आनंद आणि दुःख या सहा मूळ भावना त्यात रक्त, हृदय आणि मेंदू यांच्याशी जोडून सांगितल्या आहेत. एलिझाबेथची स्वतःची पत्रे मात्र १८७९ मध्ये प्रकाशात आली.

मित्रहो, भिलाईतून आम्ही गावी आंतर्देशीय पत्रे लिहिली. त्यांत "आम्ही सर्व खुशाल" असायचे. रात्रपाळीचा थकवा, एकटेपणा त्यांत उतरत नसे. आज मुले दूरच्या शहरांतून फोनवर तेच सांगतात, आणि कोणी खचलेला दिसला की आपणही पटकन "मन घट्ट कर" म्हणतो. एलिझाबेथचा प्रश्न येथे उपयोगी पडतो. उपदेशाआधी विचारावे, झोप लागते का, जेवण जाते का. गरज भासल्यास सोबत डॉक्टरांकडे जावे. खचलेल्या माणसाजवळ मन घट्ट करण्याचे बळच उरलेले नसेल, तर ते आपण थोडे उसने द्यावे.