मांजराची तक्रार



कामगार चळवळीतल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत मांजरांवर बोलावे, याचे काहींना नवल वाटले असेल. पत्रिकेवर विषय पाहून एका स्नेह्यांनी ‘हा कुठला नवा संप?’ असे आम्हांला विचारलेही. पण आमच्या युनियनच्या कचेरीत मांजरांचा राबता जुना आहे, आणि सभासद बोनसच्या जोडीने घरच्या मांजराचीही गाऱ्हाणी आणतात. कॉलेजची पायरी आम्ही चढलेलो नाही. जे सांगणार आहोत ते वाचून, पशुवैद्यांना विचारून आणि पाहून मिळवलेले आहे.

गाऱ्हाणे बहुधा एकच असते. मांजराच्या पोटावरचे, मांड्यांच्या आतले केस गेले. कातडी गुळगुळीत दिसते. खाणेपिणे मात्र ठीक. घरचे म्हणतात, केस गळतात. पुष्कळदा ते गळत नसतात, मांजर ते चाटून तोडत असते. आपल्या देखत ते चाटेलच असे नाही. आपण कामावर गेलो की त्याचे काम सुरू होते. पशुवैद्य चार केस उपटून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. आपसूक राहिलेल्या केसाचे टोक निमुळते असते, चाटलेल्याचे तुटलेले.

चाटणे हा मांजराचा स्वभावधर्मच होय. जागेपणाचा बराच वेळ ते त्यातच घालवते. जिभेवर मागे वळलेले बारीक काटे असतात. अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेतल्या अलेक्सिस नोएल आणि डेव्हिड हू यांनी २०१८ साली दाखवून दिले, की या काट्यांची टोके पळीसारखी पोकळ असतात; त्यांत लाळ भरते आणि ती थेट कातडीपर्यंत पोहोचते. लाळ वाळताना अंगही गार होते. फणी, साबण आणि पंखा एकाच अवजारात! असे अवजार दिवसभर एकाच जागी चालले, तर केस टिकणार कसे?

आता मुख्य मुद्दा. अशा मांजराला पाहून ‘मनाचा आजार आहे, घाबरट आहे’ असा शेरा मारण्याची रीत फार दिवस होती, आणि अजून ती पुरती गेलेली नाही. हा शेरा आमच्या ओळखीचा आहे. एका कारखान्यात पॅकिंग खात्यातल्या बायकांचे हात खाजत. खात्याच्या डॉक्टरांनी ‘बायकांना चिंता फार’ असे लिहून दिले. पुढे डिंकाचा डबा बदलल्यावर खाज थांबली. मांजरांच्या बाबतीत हा हिशेब कागदावर मांडला गेला आहे. २००६ साली अमेरिकन पशुवैद्यक संघटनेच्या नियतकालिकात एक अभ्यास आला. मनाचा आजार असावा असे गृहीत धरलेली २१ मांजरे नीट तपासली. त्यांतल्या १६ जणांना शरीराचाच रोग निघाला, ३ जणांना शरीराचा आणि मनाचा असा दोन्ही, आणि निव्वळ मनाचा फक्त २ जणांना. निम्म्याहून अधिक मांजरांना अन्नच सोसत नव्हते.

तेव्हा पहिला संशय पिसवांवर घ्यावा. ‘आमच्याकडे पिसू दिसत नाही’ हे उत्तर पुरेसे नाही. चाटणारे मांजर पिसवा गिळून पुरावाच नाहीसा करते. बारीक दातांच्या फणीने विंचरावे, निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवावेत. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त. ज्याला पिसवांच्या लाळेचे वावडे आहे, त्याला थोडे चावेही पुरतात. औषध घरातल्या सगळ्या मांजरांना आणि कुत्र्यांना एकदम द्यावे लागते, आणि काही महिने द्यावे लागते. कारण अंडी अंथरुणात, फरशीच्या फटींत पडलेली असतात आणि कोशातला किडा महिनोन्‌महिने दम धरून राहतो.

येथे एक इशारा देतो, तो विसरू नका. कुत्र्यासाठीचे पर्मेथ्रिन असलेले औषध मांजराला लावू नये; त्याने झटके येऊन मांजर मरते. फिनेल अंगाला लावू नये, माणसाची पॅरासिटामॉलची गोळी तर एकही देऊ नये. त्यांचे विष उतरवण्याची सोय मांजराच्या यकृतात फार तोकडी असते.

अन्नाचे वावडे शोधायला रक्ततपासणीचा भरवसा नाही. किमान आठ आठवडे, पूर्वी कधी न खाल्लेल्या प्रथिनाचे किंवा पशुवैद्याने सांगितलेले खास अन्न द्यायचे, दुसरा कणही नाही. मग जुने अन्न परत द्यायचे. खाज परतली की निदान पक्के. चाळीत हे फार अवघड. शेजारच्या काकू प्रेमाने सुकटीचे डोके टाकतात आणि आठ आठवड्यांचा संप मागल्या दाराने फुटतो.

गजकर्ण, खरजेचे किडे यांचीही तपासणी व्हावी. गजकर्ण घरातल्या मुलांनाही लागते. फक्त ओटीपोटच चाटत असेल तर मूत्राशय दुखत असेल. आणि बोका वारंवार बसतो, पण लघवी होत नाही, असे दिसले तर सकाळची वाट पाहू नका. तासांचा प्रश्न असतो.

हे सगळे निकालात निघाल्यावरच मनाकडे वळावे. पेचात सापडलेला प्राणी भलतेच काम करू लागतो, याचा अभ्यास निको टिनबर्गेन यांनी केला होता. १९७३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरे मांजर आणले, बाळ आले, घर बदलले, मालकाची पाळी रात्रीची झाली, खिडकीबाहेर परका बोका बसू लागला, अशी कारणे असतात. रागावून काही होत नाही, उलट भीती वाढते. उंचावर बसायला फळी, लपायला खोके, नखे घासायला गोणपाट, ठरल्या वेळी खेळ, आणि मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त मातीचे घमेले, एवढे तर गरिबाच्या घरीही जमते. त्याने न भागल्यास पशुवैद्य फ्लुओक्सेटिन किंवा क्लोमिप्रामिन देतात. गुण यायला काही आठवडे लागतात, आणि गोळी आपल्या मनाने बंद करायची नसते. गळ्यात नरसाळे बांधल्याने चाटणे थांबते, खाज थांबत नाही. तो टाळेबंदीचा प्रकार झाला. जखम असेल तोवर बांधावे.

खर्चाचे म्हणाल, तर मुंबईकरांना परळ लांब नाही. बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय तेथेच आहे, आणि पशुवैद्यक महाविद्यालयही १८८६ साली सुरू झाले. जाताना एक वही न्यावी: कोणत्या तारखेला काय खाल्ले, कुठे चाटले, घरात काय बदलले. दर पंधरवड्याला त्याच जागेचा फोटोही काढावा. केस भरायला महिने लागतात, आणि रोज पाहणाऱ्याला ते वाढलेले कळत नाहीत.